टेबलावरची लढाई, खिशाला झेपेल अशी: मुलाला वॉरगेमिंग सुरू करून देणाऱ्या पालकांसाठी

मुलानं मोबाइलवर दाखवलेलं ते चकचकीत खोकं लगेच मागवू नका. बऱ्याच घरांत मिनिएचर वॉरगेमिंगची सुरुवात तिथूनच होते आणि तिथेच थांबते. काही हजार रुपये जातात, प्लास्टिकचे तुकडे अर्धवट जोडलेले पडून राहतात, आणि समोर खेळायला कुणी नसल्यामुळे एकही डाव होत नाही.

आमच्या घरी हा छंद लेकाच्या आठवीत आला. आम्ही इंदूरचे. या खेळाचं खास दुकान इथे कोपऱ्यावर नाही, सगळं जमवावं लागतं. पण आपल्या गावात स्वस्तात जमतं इतकं की महागड्या खोक्यावाचून फारसं अडत नाही. काय, कुठून आणि कोणत्या क्रमानं, ते खाली लिहिते आहे.

ज्यांना हा प्रकारच नवा आहे त्यांना थोडक्यात सांगते. दोन-तीन सेंटिमीटर उंचीचे सैनिक असतात, टेबलावर डोंगर-नदी-घरं मांडलेलं मैदान असतं, पट्टा लावून इंचांत मोजलेली चाल असते, आणि गोळी लागली की नाही हे फासे सांगतात. बुद्धिबळाच्या पटावर असतात तसे चौकोन इथे नाहीत. झाडाआड लपता येतं, टेकडीवर चढता येतं.

आणि एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा: दोन्ही फौजा आपल्याच घरात तयार करायच्या. एकच मोठी, देखणी फौज जमवून ‘कुणीतरी दुसरा भेटेल’ म्हणून थांबायचं नाही. लहान असू द्या, पण दोन असू द्या.

१. खरेदीआधी ठरवायच्या गोष्टी

विषय मुलानंच निवडायचा. त्याला अंतराळातले योद्धे हवे असतील आणि तुम्हाला इतिहास हवा असेल, तर अंतराळच घ्या. महिनाभर बसून रंगवायचं त्याला आहे.

मग आकार. पुस्तकांत आणि दुकानांत दोन मापं सारखी दिसतील. एक, अठ्ठावीस मिलिमीटर: कल्पित जगाचे बहुतेक खेळ या मापात आहेत, आकृती ठसठशीत असते, रंगवायला मजा येते, पण नगाला किंमत जास्त. दुसरं, एकास बहात्तर: यात माणूस साधारण दोन-अडीच सेंटिमीटरचा होतो. ऐतिहासिक सैनिकांची मऊ प्लास्टिकची खोकी या मापात मिळतात आणि एका खोक्यात बहुधा चाळीस-पन्नास शिपाई निघतात. इतिहास खेळायचा असेल तर हेच घ्या. दोन मापं एका टेबलावर मिसळू नका, फार विजोड दिसतं.

तिसरं म्हणजे पैसे. आमच्याकडे ठरलं ते असं: पहिल्या महिन्यात पाचशे रुपयांच्या वर जायचं नाही. त्यानंतर आधी आणलेलं रंगवून, त्यानं निदान एक डाव खेळून झाल्याशिवाय नवीन काही यायचं नाही. हा दुसरा नियम पहिल्यापेक्षा महत्त्वाचा. न रंगवलेल्या सैनिकांचा ढीग मुलाचा उत्साह मारतो.

२. पहिला आठवडा: कागदाची फौज

मुलाला आणून द्यायचं सामान एवढंच:

- जाड कार्डशीट, दोनशे जीएसएमच्या आसपास (चार्ट पेपर नको, तो वाकतो)
- फेविकॉल, स्टीलची पट्टी, कटर आणि खाली ठेवायला जुना जाड पुठ्ठा किंवा कटिंग मॅट
- शिंप्याचा इंचांचा टेप
- दहा-बारा साधे सहा बाजूंचे फासे
- हार्डवेअरच्या दुकानातले लोखंडी वायसर, साधारण दोन सेंटिमीटर व्यासाचे

कार्डशीट आणि फासे खजुरी बाजारात, वायसर सियागंजात. घरातल्या लूडोचे फासे चालतील, पण ते दोनच असतात आणि इथे एका वेळी सहा-आठ लागतात.

कागदी सैनिक असा करायचा. कार्डशीटवर तीन सेंटिमीटर उंचीचा सैनिक समोरून काढा. त्याच्या डोक्याला डोकं लावून, उलटा, पाठमोरा सैनिक काढा. पायांखाली दोन्हीकडे अर्धा सेंटिमीटर कागद जास्त सोडा. डोक्यांच्या रेषेवर पट्टी ठेवून कटरच्या बोथट पाठीनं हलकी रेघ ओढा आणि दुमडा, म्हणजे घडी सरळ पडते. पायांखालचा जास्तीचा कागद सोडून आतून फेविकॉल लावून दाबा, एखाद्या जाड पुस्तकाखाली तासभर ठेवा आणि मगच बाह्यरेषेवरून कापा. आधी कापून मग चिकटवलं तर दोन्ही बाजू जुळत नाहीत. पायाखालचे दोन तुकडे दोन दिशांना फाकवून वायसरवर चिकटवले की सैनिक उभा राहतो. वायसरच्या वजनामुळे पंख्याखालीही तो पडत नाही. भालाइत असेल तर भाला कागदातून कापत बसू नका, झाडूची काडी लावा.

एक काढला की बाकीच्यांसाठी झेरॉक्स. एका बाजूचे बारा लाल, दुसऱ्या बाजूचे बारा निळे, स्केचपेननं रंगवलेले. शनिवार-रविवारात होतं.

कटर वापरताना पहिले काही दिवस जवळ बसा. कापायची दिशा शरीरापासून दूर, आणि पातं बोथट झालं की लगेच मोडून नवं टोक काढायचं. बोथट पात्यावर जोर द्यावा लागतो आणि हात कापतो तो त्या जोरानं.

३. नियम: आधी एका पानाचे

जाडजूड नियमपुस्तक विकत घेऊ नका. पहिला डाव खालच्या नियमांवर होतो. प्रत्येक बाजूला सहा-सहांच्या दोन तुकड्या घ्या.

आळीपाळीनं एकेक तुकडी हलवायची. पायदळ सहा इंच, घोडदळ बारा. तोफ हलवली तर तीन इंच, पण मग त्या वेळी डागायची नाही. बंदुकीचा पल्ला बारा इंच, तोफेचा चोवीस. तुकडीतल्या प्रत्येक सैनिकामागे एक फासा टाका, पाच किंवा सहा पडला की समोरचा एक गडी बाद. समोरचा भिंतीआड किंवा झाडीत असेल तर फक्त सहाच चालतो. हातघाईत दोन्ही बाजू एकदमच फासे टाकतात आणि चार, पाच, सहा तिन्ही चालतात. चाल करून येणाऱ्या घोडेस्वाराला पहिल्या झटक्यात दोन फासे. तुकडी निम्मी झाली की एक फासा टाकायचा: चार किंवा जास्त आला तर ती टिकली, नाहीतर एक चाल मागे पळाली.

आता यातली गंमत पाहा. उघड्यावरच्या शत्रूवर सहा फासे टाकले तर सरासरी दोन गडी पडतात. तोच शत्रू भिंतीआड गेला की सरासरी एकच. म्हणजे भिंत गाठणं ही दुप्पट ताकद झाली. मुलाला हे दुसऱ्या-तिसऱ्या डावात आपोआप कळतं आणि मग तो सरळ रेषेत पुढे धावणं सोडून मैदान वाचायला लागतो. संभाव्यता हा धडा शाळेत पुढे येतोच, पण इथे ती हाताला लागते.

हे जमलं की इंटरनेटवरचे फुकट नियम उतरवून घ्या. ‘वन पेज रूल्स’चे मूळ नियम मोफत आहेत आणि त्यात कोणत्याही कंपनीचे, कोणतेही सैनिक चालतात. त्यातला ‘फायरफाइट’ हा भविष्यकाळातला आणि ‘स्कर्मिश’ हा कल्पित जगाचा खेळ, दोन्ही मोजक्या सैनिकांत होतात. ‘वॉरहॅमर चाळीस हजार’ या अंतराळातल्या लढायांच्या गाजलेल्या खेळाच्या दहाव्या आवृत्तीचे मूळ नियमही तो काढणाऱ्या कंपनीनं २०२३ मध्ये मोफत दिले. आधी ते वाचून मुलाला झेपतात का पाहा, मग खोक्याचा विचार करा.

४. मैदान: दिवाळीचा किल्ला बारा महिने

आपल्या पोरांना मैदान करायला शिकवावं लागत नाही. दिवाळीत अंगणात माती-दगडांचा किल्ला करणारं मूल टेकडी, बुरूज, पायवाट सगळं आधीच जाणतं. फरक दोनच: हे हलकं हवं आणि उचलून ठेवता यायला हवं.

तीन फूट बाय तीन फूट जागा सुरुवातीला पुरे. जेवणाच्या टेबलावर हिरवी किंवा मातकट चादर टाका. चादरीखाली पुस्तकं सरकवली की टेकड्या झाल्या, आणि पहिल्या डावाला हे अगदी पुरतं.

पुढचं साहित्य घरातलंच. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल टेकड्यांना. वाळलेली गिलकी (पुण्याकडे हिला घोसाळं म्हणतात) सोलून आतली जाळी कापली, हिरवी रंगवली की दाट कुंपण आणि झुडपं तयार, विकतच्यापेक्षा सरस. नारळाच्या काथ्याचं छप्पर. सुताराकडचा लाकडाचा भुसा गाळून हिरव्या-पिवळ्या रंगात भिजवून वाळवला की गवत. वापरलेली चहापूड धुऊन उन्हात खडखडीत वाळवली की माळव्याची काळी माती. नीट वाळली नाही तर बुरशी धरते, म्हणून पावसाळ्यात हा उद्योग नको.

इथे एक सापळा आहे. थर्माकोलवर स्प्रेचा रंग मारू नका आणि फेविक्विक लावू नका, दोन्हींनी तो विरघळून खड्डे पडतात. फेविकॉल आणि ब्रशनं लावायचा पाण्यातला रंग, एवढंच.

५. आता खरे सैनिक

कागदी फौजेचे निदान चार-पाच डाव झाले आणि मूल स्वतःहून ‘आज खेळू या’ म्हणायला लागलं, की पैसे काढा. पर्याय स्वस्तापासून महागाकडे सांगते.

राणीपुऱ्यात खेळण्यांच्या दुकानांतून हिरव्या-खाकी प्लास्टिकच्या शिपायांच्या पिशव्या पाहा. ते मोठे असतात, पाच सेंटिमीटरच्या आसपास, पण दोन रंगांच्या दोन पिशव्या म्हणजे आधुनिक काळाच्या दोन फौजा. घेताना पिशवी उजेडात धरून सगळे एकाच मापाचे आहेत का बघा.

त्यानंतर एकास बहात्तरची खोकी. ऑनलाइन मिळतात. परदेशातून मागवत असाल तर दोन गोष्टी आधी बघा. खेळण्यांवरचं सीमाशुल्क भारी आहे, आणि वर कुरिअरचे आकार लागतात, तेव्हा संकेतस्थळावरची किंमत म्हणजे शेवटची किंमत नव्हे. शिवाय कुरिअर कंपनी पार्सल सोडवायला केवायसी मागते. आधार किंवा पॅनची प्रत, पत्त्याचा पुरावा आणि खरेदीची पावती एका फोल्डरमध्ये तयार ठेवा. पार्सल मुलाच्या नावानं नको, तुमच्याच नावानं मागवा.

थ्रीडी प्रिंट हा तिसरा मार्ग. मोफत डिझाइनं खूप आहेत, आणि शहरात प्रिंट करून देणारे भेटतात. बारीक सैनिकांना रेझिनचा (प्रकाशात कडक होणाऱ्या पातळ द्रवाचा) प्रिंट चांगला, घरं-भिंतींना प्लास्टिकची तार वितळवून केलेला पुरतो. मात्र रेझिनचा प्रिंटर मुलाच्या खोलीत आणू नका. न कडक झालेलं रेझिन त्वचेला घातक, वास वाईट, धुवायला अल्कोहोल, मग अतिनील प्रकाशात कडक करायचं. बाहेरून करून घ्या, आणि हाताला चिकट लागणारा नग परत करा.

मोठ्या कंपनीचं खोकं सगळ्यात शेवटी. मुलाला तेच हवं असेल तर वाढदिवसाला एक द्या, शक्यतो दोन्ही बाजूंचे सैनिक असलेलं. जुनी नियमपुस्तकं स्वस्तात मिळाली म्हणून घेऊ नका. ‘वॉरहॅमर चाळीस हजार’ची आठवी आवृत्ती २०१७ ची, नववी २०२० ची, दहावी २०२३ ची. म्हणजे तीन वर्षांत पुस्तक शिळं. आणि अर्ध्या किमतीत ‘तसेच दिसणारे’ नग विकणाऱ्यांपासून लांब राहा. ते साच्यातून काढलेली नक्कल असते, आणि दुसऱ्याच्या कलाकृतीची चोरी मुलाला आपण शिकवायची नाही.

६. रंगकाम

हा भाग मला सगळ्यात आवडतो, म्हणून थोडं सविस्तर.

पहिली चूक टाळायची ती रंगाच्या निवडीची. शाळेचे पोस्टर कलर चालत नाहीत. ते वाळल्यावरही ओला हात लागला की सुटतात. ॲक्रिलिकच घ्या: काळा, पांढरा, लाल, निळा, पिवळा, तपकिरी आणि एक चंदेरी. बाकी मिसळून होतं. ब्रश गोल टोकाचे दोन, शून्य आणि दोन नंबर, आणि एक जुना, पिसारलेला.

मग प्लास्टिकची जात ओळखा. खोक्यातले कडक प्लास्टिकचे तुकडे मॉडेलच्या गोंदानं किंवा फेविक्विकनं जुळतात. मऊ, वाकणारं प्लास्टिक रंग धरत नाही, भाला वाकला की पापुद्रे निघतात. त्याला उपाय असा: कोमट साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशनं घासा, वाळवा, मग फेविकॉलमध्ये निम्मं पाणी घालून एक हात द्या आणि रात्रभर ठेवा. त्यावर रंग बसतो. सगळं झाल्यावर मॅट वॉर्निशचा हात.

अस्तराचा रंग स्प्रेनं द्यायचा तर गच्चीत, तोंडाला मास्क लावून, वीत-दीड वीत अंतरावरून. आपल्याकडे हवा सांभाळावी लागते. पावसाळ्यात दमट हवेनं रंगावर पांढुरकी झाक येते. मे महिन्यात दुपारी मारला तर थेंब हवेतच वाळून सैनिक खरखरीत होतो. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतच्या सकाळी उत्तम. स्प्रे नको असेल तर चित्रकलेच्या दुकानातला जेसो ब्रशनं लावा.

रंग दुधाइतका पातळ हवा. दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा चांगले, कारण जाड रंगात चेहरा बुजतो. उन्हाळ्यात रंग बशीत मिनिटांत सुकतो. मिठाईच्या प्लास्टिकच्या डब्यात ओला टिश्यू पसरा, वर बटर पेपर ठेवा आणि त्यावर रंग काढा. झाकण लावलं तर दुसऱ्या दिवशीही ओला मिळतो.

क्रम सोपा. आधी अंगरखा, मग चामडं, मग कातडीचा रंग, शेवटी धातू. सगळं वाळलं की तपकिरी रंगात भरपूर पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब घालून ते पाणी अंगभर सोडा. घड्यांमध्ये ते साचतं आणि सावल्या आपोआप पडतात. वाळल्यावर पिसारलेल्या ब्रशला फिकट रंग लावून तो कागदावर जवळजवळ पुसून टाका, आणि सैनिकावरून भराभर फिरवा. उंचवटे उजळतात. मुलाच्या हातात सपाट प्लास्टिकचा शिपाई होता, त्याला आता नाक आहे, पगडीला वळ्या आहेत. माझा लेक पहिल्यांदा हे पाहून जेवायला उठला नव्हता.

डोळे रंगवायच्या फंदात पहिल्या वर्षी पडू नका.

ठेवायला पत्र्याचा बिस्किटांचा डबा घ्या. जाहिरातींचे फ्रिजला लावायचे चुंबक कापून वायसरखाली चिकटवा, सैनिक डब्याच्या तळाला घट्ट बसतात. स्टीलचा डबा बहुधा चालत नाही, चुंबक लावून बघूनच निवडा.

७. आपल्या मुलखातली एक लढाई: महिदपूर

मुलाला इतिहासाची थोडी जरी ओढ असली तर पानिपत किंवा वॉटर्लूकडे धावायच्या आधी उज्जैनच्या पुढचं महिदपूर घ्या. २१ डिसेंबर १८१७ ला क्षिप्रेच्या काठी होळकरांची फौज आणि सर टॉमस हिस्लॉपची कंपनी सरकारची फौज भिडली. क्षिप्रा उतरून जायचं होतं आणि होळकरांच्या तोफा पलीकडे रोखलेल्या. कंपनीच्या फौजेनं त्या माऱ्याखाली नदी उतरून हल्ला केला, सर जॉन माल्कम त्यात पुढे होता. यशवंतरावांची लेक भीमाबाई या लढाईत होळकरांकडून घोड्यावर होती. होळकर हरले आणि जानेवारी १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला.

टेबलावर मांडायला याहून चांगला प्रसंग नाही, कारण पेच एका नजरेत कळतो. मधून निळ्या कापडाची नदी, तिला सहा इंच रुंदीचा एकच उतार, म्हणजे पायी ओलांडायची जागा. होळकरांना तीन तोफा, पायदळाच्या दोन तुकड्या, घोडदळाच्या दोन. कंपनीला पायदळाच्या चार, घोडदळाची एक, तोफ एक. उतारात पायदळाची चाल निम्मी. तोफेला चार गोलंदाज आणि प्रत्येकामागे एक फासा. सहा फेऱ्यांत दोन तोफा ताब्यात आल्या तर कंपनी जिंकली, नाहीतर होळकर. कंपनीच्या मद्रासी पलटणींना लाल कोट द्या. तोफेची नळी संपलेल्या बॉलपेनच्या तुकड्याची, चाकं शर्टाच्या बटणांची.

आमच्याकडे या मांडणीवर होळकर अनेकदा जिंकतात. तुमच्याकडे फारच एकतर्फी होत असेल तर होळकरांची एक तोफ काढा आणि पुन्हा खेळा. असं तोलून पाहणं हाही खेळाचाच भाग आहे, ते मुलावर सोडा.

८. भिडू, जागा, वेळ

दोन्ही फौजा घरात असल्या की भिडूचा प्रश्न निम्मा सुटतो. ताई, चुलतभाऊ, शेजारचा मित्र, जो हाताशी असेल त्याला बसवा. आजोबांना पंच करा. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यानं जो युद्धखेळ स्वीकारला त्यातही निवाडा करायला पंच असायचा, आणि वादावादी थांबवायला तोच लागतो. वाद झाला तर एक फासा टाका, पुढे चला, नियम नंतर वाचा.

शाळेतल्या मित्रांना आधी रंगवायला बोलवा, खेळायला नंतर. ज्यानं एक शिपाई स्वतः रंगवला तो तो शिपाई लढताना बघायला परत येतोच. चार-पाच मुलं झाली की सोसायटीच्या किंवा मंडळाच्या हॉलसाठी सचिवांना साधा अर्ज द्या: वार, वेळ, मुलांची संख्या, जबाबदार पालकाचं नाव आणि सही. ऑनलाइन ओळखीच्या खेळाडूला भेटायचं असेल तर सार्वजनिक जागी, आणि पहिल्या वेळी तुम्ही सोबत.

परीक्षेच्या दिवसांत फक्त रंगकाम ठेवा, तेही रोज अर्धा तास. मांडलेला डाव अर्धवट सोडून उठणं मुलाला फार जड जातं, ब्रश मात्र कधीही धुऊन ठेवता येतो.

आणि नवा भिडू पहिल्यांदा महिदपूर खेळायला बसला, की त्याला होळकरांची बाजू द्या. तोफा जागेवरच असतात, त्यामुळे नियम कमी लक्षात ठेवावे लागतात आणि पहिल्याच फेरीत त्याला फासे टाकायला मिळतात.